दोन सह्यांचा करार

१८७० साली ब्रिटिश सरकारने साष्टी बेटाच्या उत्तर टोकाची तीन गावे एका माणसाच्या हवाली केली. भाईंदर, मिरे आणि घोडबंदर ही ती गावे, रामचंद्र लक्ष्मणजी हा तो माणूस आणि पट्ट्याची मुदत ९९९ वर्षे. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून पट्टेदाराने बांध घालावेत, ते राखावेत आणि त्या बदल्यात कुळांच्या पिकातला तिसरा हिस्सा घ्यावा, असा व्यवहार ठरला. कागदावर सह्या झाल्या दोघांच्या, सरकारच्या आणि पट्टेदाराच्या. चिखलात उभे राहून बांध चढवणारा आगरी आणि डोंगरउतारावरचा वारली यांना कोणी विचारले नाही.

जंगल राखायला सरकारने खाजगी पैसा आणि खाजगी संस्था सोबत घ्याव्यात, ही कल्पना हल्ली नवी म्हणून मांडली जाते. मिरा-भाईंदरपुरते बोलायचे तर ती दीडशे वर्षे जुनी आहे. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर अशा बेचक्यात वसलेल्या या शहरात सरकार आणि खाजगी हात यांनी मिळून जमीन, खारफुटी आणि रान सांभाळण्याचे जवळजवळ सगळे प्रयोग होऊन गेले आहेत. त्यातले कोणते फळले आणि कोणते कोर्टात जाऊन अडकले, याचे कारण शोधू लागले की प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी यावे लागते: करारात तिसरा पक्ष होता की नव्हता.

आधी बांधाकडे बघू. खाडीकाठचा बांध हे एकदा घालून विसरायचे काम नाही. मातीचा बांध, त्यात जागोजागी उघाडी. उघाडीला लाकडी झडप असते. भरतीचे पाणी बाहेरून दाबते तेव्हा झडप आपोआप मिटते. ओहोटीला आतले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर पडते. खेकडे बांधात बिळे करतात, बिळातून पाणी झिरपू लागते आणि एखाद्या उधाणाला बांधाला खांड पडते. एकदा खारे पाणी शिरले की त्या शेतात पुढच्या पावसाळ्यातही भात धरत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत मीठ धुऊन निघावे लागते. म्हणून खांड दिसली की रात्री-अपरात्री गाव धावून जाते. ही राखण गावानेच करायची होती. पट्टेदाराकडे भांडवल होते, सरकारकडे अधिकार होता. बांध कुठे खचतो आहे हे मात्र कुळालाच ठाऊक असे.

साष्टीत हा व्यवहार एकटा नव्हता. १७७४ मध्ये बेट इंग्रजांच्या हाती आले तेव्हा मराठे-पोर्तुगीज लढायांनी आणि सत्तापालटाने बरीच गावे ओस पडलेली होती. ती पुन्हा वसवण्यासाठी कंपनी सरकारने मुंबईतल्या मातब्बर मंडळींना बोलावले. पवईची जमीन फ्रामजी कावसजी बनाजींकडे गेली. उत्तरेच्या पट्ट्यात बैरामजी जीजीभॉय घराण्याची मोठी मालमत्ता उभी राहिली. शेताबरोबर माळ, माळाबरोबर डोंगर आणि डोंगराबरोबर त्यावरचे झाड अशी सगळी मालकी एकाच सनदेत गुंडाळली गेली. रानाचा स्वतंत्र विचार त्या काळी कुणी केला नव्हता.

तो सुरू झाला तो इमारती लाकडाची चणचण भासू लागल्यावर. १८६० च्या दशकात खाडीवर पूल टाकून रेल्वे वसईकडे गेली. रेल्वेला स्लीपर हवे होते, मुंबईला सरपण आणि कोळसा हवा होता, आणि ठाणे जिल्ह्याचे जंगल हाकेच्या अंतरावर होते. १८७८ च्या वन कायद्याने सरकारी जंगलाची राखीव आणि संरक्षित अशी वर्गवारी केली. त्या वर्गवारीचा पहिला तडाखा बसला राबाला.

राब म्हणजे भाताची रोपे तयार करण्याआधी जमीन भाजणे. चौरस वाफ्यावर शेणाचा थर, त्यावर झाडांचे टहाळ, त्यावर गवत आणि पाला, आणि सगळ्यांवर बारीक माती. उन्हाळ्याच्या अखेरीस तो पेटवायचा, पण वाऱ्याच्या उलट बाजूने, म्हणजे आग भडकत नाही, सावकाश सरकते आणि माती खोलवर भाजते. तण मरते, राखेचे खत मिळते. पहिल्या पावसात तिथे पेरलेले भात अशा जोमाने येते की लावणीला रोप कमी पडत नाही. उत्तर कोकणातल्या भातशेतीचा हा पाया होता आणि त्यासाठी दर वर्षी ऐनासारख्या झाडांचे टहाळ तोडावे लागत. वनखात्याच्या लेखी ही जंगलाची नासधूस होती. शेतकऱ्याच्या लेखी टहाळ नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत यावरून एवढा असंतोष माजला की सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. दोन वर्षांनी त्याचा अहवाल आला, सवलती लिहिल्या गेल्या. मूळ रचना तशीच राहिली: रान सरकारचे, त्यातून माल काढणारा ठेकेदार खाजगी, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारा माणूस रोजंदारीवर.

या रचनेला कूप पद्धत म्हणत. वनखाते जंगलाचे तुकडे पाडी, तोडायच्या झाडांवर शिक्क्याचा हातोडा मारी आणि कुपाचा लिलाव करी. बोली लावणारे बहुतेक शहरातले व्यापारी. कुऱ्हाड चालवणारे वारली, काथोडी, ठाकर. सरकारला महसूल, ठेकेदाराला नफा आणि तोडणाऱ्याला किती ते ठेकेदाराच्या मर्जीवर. डहाणू-तलासरीकडे याच जंगल ठेकेदारांच्या आणि जमीनदारांच्या वेठीविरुद्ध १९४५ मध्ये वारल्यांनी उठाव केला. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्या लढ्यात होते. गवतकापणीची आणि झाडतोडीची मजुरी हा त्यातला मोठा प्रश्न होता. सरकारी जंगलात खाजगी भांडवल आणले, पण मजुराचे संरक्षण कुठेच लिहून ठेवले नाही, तर काय होते ते ठाणे जिल्ह्याने तेव्हा पाहिले.

मग जे घडले ते आज फारसे कुणाला आठवत नाही, आणि ते आठवायला हवे. डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यातल्या आदिवासींच्या स्थितीवर अहवाल दिला होता. त्या पार्श्वभूमीवर बाळासाहेब खेरांच्या सरकारने १९४७ पासून जंगल कामगार सहकारी संस्था उभ्या करायला सुरुवात केली. कूप ठेकेदाराला न देता तोडणाऱ्यांच्याच संस्थेला द्यायचा, हिशेब सांभाळायला आणि अधिकाऱ्यांशी बोलायला एखादा समाजसेवक किंवा सेवाभावी संस्था पाठीशी ठेवायची, आणि उरलेला नफा सभासदांकडे आणि वस्तीच्या कामांकडे वळवायचा, अशी ती योजना होती. म्हणजे सरकार, सेवाभावी संस्था आणि मजूर असे तीन पक्ष, आणि तिघांनाही कागदावर जागा. या संस्थांत पुढे दोष शिरले. काही ठिकाणी जुना ठेकेदारच पडद्याआडून कारभार पाहू लागला. तरीही ठाणे जिल्ह्यात हजारो कुटुंबांना नियमित मजुरी आणि बोनस पहिल्यांदा मिळाला तो या संस्थांमधून. महाराष्ट्रातल्या वनभागीदारीच्या इतिहासातला हा सर्वांत प्रामाणिक प्रयत्न होता, असे म्हणायला हरकत नाही.

साष्टीत मात्र तोवर डाव बदलला होता. इथे लाकडापेक्षा जमीन महाग होऊ लागली होती. १९५० च्या मुंबई राष्ट्रीय उद्याने कायद्यानंतर बोरिवलीजवळ कृष्णगिरी उद्यान झाले. सुरुवातीला ते जेमतेम २० चौरस किलोमीटरचे होते. तुळशी आणि विहार तलावांचे पाणलोट, शेजारची गावे, खाडीपलीकडचा नागला असे एकेक क्षेत्र जोडत ते वाढत गेले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला संजय गांधींचे नाव मिळाले. आज ते सुमारे १०३ चौरस किलोमीटरचे आहे आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग ठाणे जिल्ह्यात पडतो. मुंबईचे म्हणून ओळखले जाणारे हे जंगल अर्ध्याहून अधिक ठाण्याचे आहे, हे मिरा रोडच्या गच्चीवरून पूर्वेला पाहणाऱ्यालाही सहसा माहीत नसते.

जंगल वाढले ते कुणाच्या तरी मालमत्तेतून. १९५१ च्या साष्टी इस्टेट कायद्याने बेटावरच्या जमीनदाऱ्यांची महसूलमाफी संपवली आणि १४ ऑगस्ट १९५१ पूर्वी लागवडीखाली न आलेली पडीक जमीन सरकारजमा करायचे ठरवले. डोंगर लागवडीखाली होता की पडीक, यावर पुढची कित्येक वर्षे वकिलांची कमाई झाली. दरम्यान १९५६-५७ च्या सुमारास सरकारने भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५ खाली खाजगी वनमालकांना नोटिसा काढल्या, की या झाडांवर निर्बंध का घालू नयेत. बऱ्याच प्रकरणांत पुढे काहीच झाले नाही. मग १९७५ चा महाराष्ट्र खाजगी वने संपादन कायदा आला. ३० ऑगस्ट १९७५ पासून राज्यातली खाजगी वने सरकारची झाली आणि ज्यांना जुनी नोटीस निघाली होती ती जमीनही त्यात धरली गेली.

कायदा झाला, पण सातबारा बदलला नाही. नोटिसा फायलींत पडून राहिल्या आणि त्या जमिनींवर नगरपालिकेच्या परवानग्यांनी इमारती चढल्या. २००५-०६ नंतर महसूल खात्याने ‘खाजगी वन’ असे शेरे मारायला सुरुवात केली तेव्हा मुलुंडपासून ठाण्यापर्यंतच्या रहिवाशांना समजले की आपला फ्लॅट जंगलात आहे. २००८ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. ३० जानेवारी २०१४ रोजी गोदरेज आणि बॉइस विरुद्ध महाराष्ट्र सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. पन्नास वर्षे निपचित पडलेल्या नोटिशीच्या आधारे जमीन जंगल ठरत नाही, नोटीस बजावलेली आणि जिवंत असावी लागते, असे न्यायालयाने सांगितले. सामान्य रहिवाशाला दिलासा मिळाला, यात वाद नाही. पण कागद वेळेवर न हलवल्यामुळे डोंगरउताराचे किती रान कायमचे हातचे गेले, याचा हिशेब त्या निकालात येणार नव्हता, आणि तो इतरत्रही कुणी मांडला नाही.

भाईंदरच्या जुन्या पट्ट्याचे पुढे काय झाले? हक्क हस्तांतरित होत विसाव्या शतकाच्या मध्याला इस्टेट इन्व्हेस्टमेंट कंपनीकडे आले. कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आला, भातशेती बिल्डरांकडे गेली. १२ जून १९८५ रोजी ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद झाली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली. आणि तरी इमारत बांधायची किंवा पुन्हा उभारायची म्हटली की १८७० च्या पट्ट्यातून आलेला कंपनीचा हक्क आणि तिचा ना-हरकत दाखला हा वाद अनेक वर्षे उभा राहत आला आहे. बांध राखण्याची जबाबदारी कधीच विरून गेली. हक्क तेवढा उरला. सरकारने खाजगी हातांशी करार करताना कर्तव्य संपले की हक्कही संपेल, असे एक वाक्य घातले असते तर शहराची मोठी कटकट वाचली असती. मुदत अजून २८६९ पर्यंत बाकी आहे.

बांध खचले तिथे दुसरेच काहीतरी उगवले. भातखाचरे आणि मिठागरे सोडून दिलेल्या जागी भरतीच्या पाण्याबरोबर बिया आल्या आणि तिवर, कांदळ वाढू लागले. मिरा-भाईंदरच्या नकाशावर आज खाडीच्या कडेने दिसणारा हिरवा पट्टा असा बराचसा आपसूक आलेला आहे. त्याला जंगलाचा दर्जा मिळाला तो न्यायालयामुळे. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर ६ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी तोडायला बंदी घातली आणि सरकारी जमिनीवरची खारफुटी संरक्षित वन म्हणून जाहीर करायला सांगितले. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने ही बंदी पक्की केली. २०१२ मध्ये वनखात्याचा कांदळवन कक्ष सुरू झाला. त्यापाठोपाठ कांदळवन प्रतिष्ठान आले: संस्था सरकारने स्थापलेली, पण खारफुटीच्या क्षेत्रात होणाऱ्या प्रकल्पांकडून मिळणारा निधी आणि कंपन्यांचा सामाजिक निधी स्वीकारून काम करणारी. किनाऱ्यावरच्या गावांत खेकडापालन, जिताडा माशांचे पिंजरे, कालवे असे जोडधंदे ती उभे करते, आणि ते करताना गावातल्या गटांशी बोलावेच लागते. विक्रोळीला गोदरेज कुटुंबाने आपल्या मालकीच्या खाडीकाठावर १९८० च्या दशकापासून खारफुटी राखली आहे, तीही दखल घेण्याजोगी. पण तिथे मालक एकच आहे आणि कुंपण आहे. भाईंदरला खाडीकाठावर महसूल खाते, मीठ आयुक्त, कंपनी, कुळे आणि मच्छीमार असे सगळे एकत्र आहेत. इथे कुंपण घालून भागत नाही.

डोंगराकडची गोष्ट वेगळी आहे. १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने राष्ट्रीय उद्यानातली अतिक्रमणे हटवायला सांगितली आणि हजारो झोपड्या उठल्या. अनेकांचे पुनर्वसन चांदिवलीला झाले. २००३-०४ मध्ये बिबट्यांच्या हल्ल्यांनी उद्यानाच्या कडेची वस्ती हादरली. तेव्हा पकडायचे आणि दुसरीकडे सोडायचे हाच उपाय होता, आणि विद्या अथ्रेय यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिले की सोडलेला बिबट्या अनोळखी मुलखात जास्त अडचणीचा ठरतो. २०११ मध्ये वनखात्याने अभ्यासक, स्वयंसेवी संस्था आणि नागरिक यांना घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. कचरा उचला म्हणजे कुत्री कमी होतील, कुत्री कमी झाली की बिबट्या वस्तीत येणार नाही. मुलांना अंधारात एकटे सोडू नका. बिबट्या दिसला तर गर्दी करू नका. एवढ्या साध्या गोष्टी पाड्यापाड्यांत, सोसायट्यांत, पोलीस ठाण्यांत आणि वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत जाऊन सांगितल्या गेल्या. हल्ले घटले. २०१५ च्या कॅमेरा गणनेत उद्यानात आणि आसपास ३५ बिबटे मोजले गेले, २०१८ मध्ये ४७. पुढे २०२१ मध्ये वनखाते आणि वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटी-इंडिया यांनी काही बिबट्यांना रेडिओ कॉलर लावली. त्यांतला ‘महाराजा’ नावाचा नर नागला ओलांडून, चिंचोटी-भिवंडी रस्ता आणि वसई-दिवा रेल्वेमार्ग पार करून थेट तुंगारेश्वर अभयारण्यात पोचला. मिरा-भाईंदरच्या उशाशी असलेला खाडीपट्टा दोन जंगलांमधली वाट आहे, हे त्याने कॉलरच्या नोंदींतून सिद्ध केले.

बंदिस्त प्राणी दत्तक घ्यायची उद्यानाची योजना लोकांना जास्त ठाऊक आहे. वर्षभराचा खर्च उचलला की पिंजऱ्यावर नाव लागते. वाईट काही नाही त्यात. पण पाटीवर नाव लागत नाही अशा कामाने बिबटे आणि माणसे दोन्ही वाचली, आणि त्या कामात पैशापेक्षा बोलणे जास्त लागले.

राज्याने १६ मार्च १९९२ च्या शासन निर्णयाने संयुक्त वनव्यवस्थापन स्वीकारले, तेव्हापासून गावाची समिती हा कागदोपत्री मान्य भागीदार आहे. गेल्या दशकात कंपन्यांनी उजाड वनजमीन जगवावी म्हणून त्रिपक्षीय करारांची वाट काढली गेली: वनखाते, कंपनी किंवा संस्था, आणि गावची समिती. मुदत साधारण सात वर्षांची. तुलनेसाठी, आफ्रिकन पार्क्स या संस्थेने २००३ मध्ये मलावीच्या माजेते अभयारण्याची जबाबदारी घेतली ती २५ वर्षांच्या करारावर. सात वर्षांत ऐनाचे रोप जेमतेम माणसाच्या उंचीपलीकडे जाते. आणि ९९९ वर्षांचा अनुभवही आपल्यापाशी आहेच. मुदत झाडाच्या वाढीशी जुळणारी हवी आणि कर्तव्य चुकले की हक्क संपेल अशी अट आत हवी, हे मिरा-भाईंदरकरांना कुणी समजावून द्यायची गरज नाही.

अडचण आहे ती तिसऱ्या सहीची. चेणे, काशी, घोडबंदरकडच्या पाड्यांची ग्रामपंचायत शहरात विरघळली. गावच नाही तर गावची समिती कुठून आणायची, असे म्हणून इथले करार पुन्हा दोन सह्यांवर येऊन थांबण्याची भीती खरी आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि दोन वर्षांनी स्वतःचा बांबू स्वतः विकला. कागद गिरणीला बांबू देणारी जुनी व्यवस्था त्या गावापुरती संपली. तिथे ग्रामसभा होती. पण २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाची व्याख्या करताना नोंद नसलेली जुनी वस्तीसुद्धा गाव धरली आहे आणि राष्ट्रीय उद्यानातली जमीनही वनजमिनीत मोजली आहे. अशा वस्तीच्या सभेने दहा ते पंधरा जणांची वनहक्क समिती निवडायची असते. त्यात दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि एक तृतीयांश स्त्रिया. दावे तपासायचे काम त्या समितीचे. आणि रान राखण्यासाठी माणसे नेमायचा, आराखडा करायचा अधिकार त्या सभेचा. महापालिकेच्या प्रभागातला पाडा ही सभा आजही भरवू शकतो, आणि उद्या एखादी कंपनी चेण्याच्या डोंगरावर झाडे जगवायला आली तर तिच्या करारावर पहिली सही याच सभेची घेता येते.